असेल आणि होईल

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी एका स्पॅनिश क्रियापदावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. निमित्त असे घडले. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली एक विद्यार्थिनी सध्या पुण्यात स्पॅनिश शिकते. मागच्या मे महिन्यात ती भेटीला आली असता तिने विचारले, "सर, पुस्तकात याला भविष्यकाळ म्हटलंय, पण वाक्यं तर आत्ताची आहेत. असं कसं?" तिच्या वहीत वाक्य होते, 'सेरान लास त्रेस'. शब्दाला शब्द ठेवला तर 'तीन असतील'. मी एवढेच म्हणालो, "घड्याळ न बघता तुझी आजी वेळ कशी सांगते?" ती हसली. "तीन वाजले असतील, म्हणते."

दारावर थाप पडली की माद्रिदमधला माणूस म्हणतो, 'किएन सेरा?' आपण म्हणतो, 'कोण असेल?' पाहुणा तर आत्ता दारातच उभा आहे; भविष्यात आहे ते आपले त्याला ओळखणे. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांनी अंदाजासाठी एकच काळ निवडावा, हे मला मोठे विलक्षण वाटते.

तिच्या पुस्तकाच्या निमित्ताने मीही त्या 'सेर' क्रियापदाच्या नादी लागलो. सेर म्हणजे असणे. वर्तमानकाळात ते सोय, एरेस, एस असे वेडेवाकडे चालते; भूतकाळात त्याचे 'फुई' हे रूप 'जाणे' या क्रियापदाच्या रूपाशी इतके एक होते की 'मी होतो' आणि 'मी गेलो' यांत शब्दाने फरकच राहत नाही. भविष्यकाळात मात्र ते शहाण्या मुलासारखे सरळ वागते : सेरे, सेरास, सेरा, सेरेमोस, सेरेइस, सेरान. आपल्या 'असणे'चेही तसेच आहे. आहे, होता ही रूपे मूळ धातूला ओळखही दाखवत नाहीत. असेन, असशील, असेल मात्र बसेन, बसशील, बसेल यांच्या रांगेत निमूट उभी राहतात.

या रूपांच्या जन्माची कथा इतिहासाच्या शिक्षकाला सोडवणारी नाही. 1492 साली आंतोनियो दे नेब्रिहा या विद्वानाने कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापून राणी इसाबेलला अर्पण केले. कोलंबस निघाला तेच हे साल. नेब्रिहाने त्यात दाखवून दिले की हा भविष्यकाळ दोन शब्दांच्या जोडणीतून झाला आहे : मूळ क्रियापद आणि त्याला चिकटलेले 'आबेर'चे रूप. जुन्या कास्तिलियनमध्ये हे दोन तुकडे सुटेही होत आणि मध्ये सर्वनाम बसे : 'देसीर ते ए', म्हणजे 'तुला सांगीन'. मागे लॅटिनपर्यंत गेले तर या जोडणीत कर्तव्याचा अर्थ सापडतो, आपल्या 'मला सांगायचे आहे' सारखा. सांगायचे आहे, म्हणून सांगीन. स्पॅनिश बायबलमधल्या दहा आज्ञाही बहुतेक याच काळात आहेत, हे कळल्यावर मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

आज बोलताना स्पेनमधले लोक उद्याच्या साध्या बेतासाठी बहुधा 'जाणे' क्रियापदाची जोड वापरतात. म्हणजे या जुन्या रूपाकडे मुख्यतः दोन कामे उरली : एक अंदाजाचे, दुसरे वचनाचे. वचनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'पासार', म्हणजे पार होणे, या क्रियापदाचे आहे. 19 जुलै 1936 रोजी दोलोरेस इबारुरी यांनी माद्रिदच्या रेडिओवरून म्हटले, 'नो पासारान'. ते पार होऊ शकणार नाहीत. मार्च 1939 मध्ये फ्रँकोचे सैन्य माद्रिदमध्ये शिरले. वर्गात कुणीतरी हमखास विचारतो, मग ते वाक्य खोटे ठरले ना? मी म्हणतो, हवामानखात्याचा अंदाज खोटा ठरतो; शपथेला तो माप लावू नका. इबारुरी मॉस्कोतला वनवास संपवून 1977 साली मायदेशी परतल्या आणि त्याच वर्षी संसदेवर निवडून गेल्या.

स्पॅनिशमध्ये 'सेरे मेदिका' म्हटले की 'मी डॉक्टर होईन'. तिथे असेन आणि होईन यांना एकच शब्द पुरतो. मराठीने दोन ठेवले आहेत, आणि आपल्या मुली निबंधात न चुकता 'होईन' लिहितात. प्रवेशाच्या दिवशी पालक मात्र पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "होईल काहीतरी, सर." हा होईल कोणता, अंदाजाचा की वचनाचा, हे आवाजावरून ओळखावे लागते. व्याकरणाचे पुस्तक तिथे उपयोगी पडत नाही.

खरी अडचण 'असेल'ची आहे. माझ्या वडिलांना शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी वय विचारले. आजी म्हणाली, "सहाचा असेल." जनरल रजिस्टरात 'असेल' लिहायला रकाना नसतो. 1 जून ही तारीख पडली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांची पडली. त्याच तारखेने वडील 58 पूर्ण करून 31 मे रोजी निवृत्त झाले. आजीचा अंदाज दोन वर्षे इकडेतिकडे असता, तर पगारही तितकाच इकडेतिकडे झाला असता.

म्हणून नववीच्या मुलांना घरातल्या वृद्धांची माहिती लिहून आणायला सांगतो, तेव्हा एक अट असते : 'असेल' खोडायचा नाही. स्पॅनिश माणूस वयाचा अंदाज 'सेर'ने करत नाही, 'तेनेर'ने करतो. 'तेंद्रा क्वारेंता आन्योस', म्हणजे चाळीसचा असेल. आणि गोष्ट जुनी असली तर तो 'तेंद्रिया' हे वेगळे रूप घेतो. आपला 'असेल' दोन्हीकडे चालतो. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले, की बहात्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला गेले, तेव्हा ते दहा वर्षांचे असतील. आजोबांची थोरली बहीण म्हणते, बाराचा असेल. मुलीने दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली आणि कोणते कुणाचे, तेही पुढे नोंदवले.