मुठेलाच्या वाटेने : रत्नागिरी ते पणजी

रातांब्याच्या, म्हणजेच कोकमाच्या, बियांपासून जे घट्ट, पिवळसर पांढरे स्निग्ध द्रव्य निघते त्याला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत मुठेल किंवा कोकमतेल म्हणतात आणि गोव्यात भिरंडेल म्हणतात. ओठ उलले, टाचांना भेगा पडल्या किंवा उन्हाने कातडी सोलवटली, तर मुठेलाचा खडा शोधायचा ही दक्षिण कोकणातील घरोघरची जुनी रीत आहे. रातांबे पिकण्याच्या दिवसांत, मे महिन्यात, रत्नागिरीहून पणजीपर्यंत सावकाश जावे, हे द्रव्य कसे तयार होते ते पाहावे आणि उन्हाने पोळलेल्या त्वचेवर लावण्याजोगे सौम्य लोशन त्यापासून घरी करता येते का, हे समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत प्रवास आखला होता.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाल्यापासून मुंबईहून रत्नागिरीला दिवसाउजेडी पोहोचणे सोपे झाले आहे. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुड्याचा बोगदा ओलांडला की काही वेळातच रत्नागिरी येते, आणि बोगद्याच्या दोन्ही अंगांना कोकणाच्या भूमीचे जे दोन स्वभाव दिसतात ते या विषयाच्या मुळाशी आहेत. वर असतो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट, जवळजवळ वृक्षहीन पठार. आणि खाली, सड्याच्या कुशीतल्या घळीत, पाण्याच्या आधाराने राहिलेली आमराई, माडाच्या बागा व त्यांच्या सावलीत वाढलेली रातांब्याची झाडे. ऊन पोळते ते सड्यावर आणि त्यावरचा उतारा पिकतो तो खालच्या घळीत.

दुसऱ्या दिवशी पावस आणि पूर्णगड मागे टाकून राजापूर तालुक्यातील कशेळी गाठली. कनकादित्य या सूर्यमंदिरामुळे हे गाव प्रसिद्ध आहे, आणि गावाच्या सड्यावर एका प्रचंड हत्तीची बाह्यरेषा कातळात कोरलेली असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती सामावलेल्या आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. आकृतींचे तपशील नीट पाहण्यासाठी प्रवासी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत त्या कातळावर फिरत राहिला. समुद्राकडून वारा येत असल्यामुळे उष्मा जाणवत नव्हता, आणि घात नेमका तेथेच झाला. त्वचा भाजते ती उष्म्याने नव्हे, तर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी, म्हणजे जांभळ्या रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. त्यांतील २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना इजा करतात, त्या इजेला प्रतिसाद म्हणून खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तीन ते सहा तासांनी लाली दिसू लागते, जी बारा ते चोवीस तासांत कळसाला पोहोचते. वारा अंग गार ठेवतो, परंतु किरणांना अडवत नाही. म्हणून मुक्कामाच्या वाडीत पोहोचेपर्यंत मान आणि हात केवळ कोमट लागत होते, आणि दिवेलागणीनंतर मात्र अंगावरचा सदराही सोसेना.

ज्या घरी मुक्काम होता तेथील आजींच्या कपाटात गेल्या श्रावणात काढलेल्या मुठेलाचे दोन गोळे होते, आणि प्रवाशाची अपेक्षा अशी की त्यांतला एक लगेच हातावर फिरवला जाईल. आजींनी तो दाखवला आणि परत ठेवून दिला. पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी कोरफड आणि आग निवल्यावर मुठेल, असा त्यांचा क्रम होता, आणि तो मोडायला त्या तयार नव्हत्या. या क्रमाला बऱ्याच अंशी शास्त्राचा आधार आहे. ताज्या भाजलेल्या त्वचेवर घट्ट तेलाचा थर दिला तर आतील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो व दाह वाढतो. म्हणून आधी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, बर्फ मात्र थेट लावायचा नाही, आणि पाणी भरपूर प्यायचे. त्या रात्री पट्ट्यांच्या जोडीला रातांब्याचे सरबत मिळाले. ते पिण्यासाठीच असते. त्याचा आंबट रस पोळलेल्या त्वचेला झोंबतो, आणि लिंबाचा रस तर त्वचेवर राहून ऊन लागल्यास नव्याने चट्टे उठवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परसातली कोरफड कापली गेली. पान कापताच देठाकडून जो पिवळा, कडू चीक ओघळतो तो त्वचेची आग करू शकतो, म्हणून पान उभे धरून तो निथळू द्यायचा, साल सोलून आतला पारदर्शक गर पाण्याने धुवायचा आणि मगच वापरायचा. हा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. ते पाणी हळूहळू उडत जाते आणि जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, त्यामुळे गारवा वाटतो. परंतु पाणी उडून गेले की त्वचा पुन्हा कोरडी पडते, आणि तेथेच मुठेलाचे काम सुरू होते.

त्याच अंगणात रातांबे फोडण्याचे काम चालू होते. मे महिना सरत आला की पावसाच्या आत हे काम उरकावे लागते, म्हणून घरातली सगळी माणसे पाटीभोवती बसलेली असतात आणि सर्वांचे हात लालबुंद झालेले असतात. फळाची साल वेगळी करून तिला त्याच फळाच्या रसाची पुन्हा पुन्हा पुटे देत उन्हात वाळवले की आमसूल होते, रस मिठात मुरवला की आगळ होते, आणि या दोन्हींनंतर उरतो तो प्रत्येक फळातल्या पाच ते आठ बियांचा चोथा. बाजारात आमसुलाला आणि आगळाला गिऱ्हाईक आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी बिया उकिरड्यावर जातात. वास्तविक त्या बियांच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा स्निग्ध द्रव्याचा असतो. आजींच्या घरी बिया धुऊन वाळवून ठेवतात, पावसाळ्यात हाताला उसंत मिळाली की टरफले फोडून आतला गर कुटतात, तो पाण्यात उकळतात, आणि पाणी निवल्यावर वर जमलेला तवंग काढून तो मुठीत दाबून गोळे वळतात. मुठीत वळलेले तेल ते मुठेल, अशी या शब्दाची उकल त्या वाडीत सांगितली जाते, आणि गोळ्यावर उमटलेले बोटांचे ठसे पाहिले की ती पटते.

मुठेल साधारण चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून मे महिन्यातही ते कपाटात घट्ट राहते आणि अंगावर चोळल्यावर सावकाश मऊ होते. पण पोळलेल्या त्वचेवर घट्ट खडा चोळणे शक्य नसते. त्यासाठी चौथ्या दिवशी आजींच्या स्वयंपाकघरात जे लोशन तयार केले त्याचे प्रमाण असे होते : मुठेल १० ग्रॅम, खोबरेल ३० ग्रॅम, मधमाशांचे शुद्ध मेण ३ ग्रॅम आणि गाळलेला कोरफडीचा गर ३० ग्रॅम. पहिले तीन पदार्थ उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवले, वाटी खाली उतरवून मिश्रण कोमट व दुधाळ होईपर्यंत थांबले, आणि मग तितकाच कोमट केलेला गर चमचा-चमचा घालत ते एकसारखे घुसळत राहिले. पाणी आणि तेल अशा एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरून जे मिश्रण बनते त्याला पायस म्हणतात. दूध हे त्याचे रोजचे उदाहरण आहे. येथे मेणाने पायसाला जरा दाटपणा येतो, परंतु ते दीर्घकाळ टिकवणारे समर्थ पायसीकारक द्रव्य घरगुती कृतीत नसल्यामुळे एक-दोन दिवसांत पाणी सुटू लागते, आणि परिरक्षक नसल्यामुळे त्यात जंतूही लवकर वाढतात. म्हणून ते थोडेच करावे, उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, चार दिवसांत संपवावे आणि वास किंवा रंग बदलताच टाकून द्यावे.

आयुर्वेदातील शतधौत घृत याच तत्त्वावर उभे आहे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घेऊन ते पाण्याने शंभर वेळा फेसले की त्याचा रवाळपणा जातो, रंग पांढरा होतो आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब धरून ठेवलेले मऊ मलम हाती येते. तूप असो की मुठेल, स्नेह आणि पाणी यांना घुसळून एकत्र आणण्याची जाण या भूमीत जुनी आहे.

हे लोशन आग पूर्ण निवल्यानंतर, न फुटलेल्या त्वचेवर, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून आणि एक दिवस वाट पाहून वापरले. त्याने भाजलेली त्वचा बरी झाली असे म्हणता येणार नाही, कारण मृत थर गळून नवा थर येण्याचे काम शरीर आपल्या गतीनेच करते. त्वचेतले पाणी टिकून राहिल्याने ताण आणि खाज मात्र निश्चित कमी झाली. मोठे फोड आले, ताप किंवा मळमळ सुरू झाली, अथवा लहान मूल भाजले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांकडेच जायला हवे. तसेच हे लोशन लावून उन्हात गेल्याने संरक्षण मिळत नाही, हेही स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

पाचव्या दिवशी कुडाळमार्गे वेंगुर्ला गाठले. तेथे रातांब्याच्या लागवडीविषयी कळले ते असे : रातांब्याच्या नर आणि मादी झाडांतला फरक रोपावस्थेत ओळखता येत नाही, त्यामुळे बी लावणाऱ्याला फळासाठी वर्षानुवर्षे थांबूनही काही वेळा नर झाडच मिळते. ही अडचण कलमांनी दूर झाली, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातिस’ अशा जातीही दिल्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फळाचा असा गौरव होत असताना बी उकिरड्यावर जावी, हे या प्रवासात सर्वाधिक खटकले. पुढे शिरोड्याची मिठागरे लागली, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरातली माणसे डोक्यापासून मनगटापर्यंत कापड गुंडाळून काम करतात, आणि सड्यावर उघड्या मानेने फिरणाऱ्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ होते.

गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोल नदी ओलांडली की रातांबा भिरंड होतो आणि आमसुले सोलां होतात. पणजीत या प्रवासाचा शेवट गार्सिया द ओर्ता याच्या नावाच्या उद्यानात झाला. या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात या फळाची नोंद घेतली आहे. तोपर्यंत मानेवरचे पापुद्रे सुटू लागले होते आणि खिशातल्या डबीतला मुठेलाचा खडा अंगाच्या उबेने कडांशी मऊ पडला होता. आजींनी निरोप देताना तो हाती ठेवला, तेव्हा दुसऱ्या हाताने अंगणाकडेला असलेल्या रातांब्याकडे बोट दाखवले होते. त्याच्या झुकलेल्या फांद्यांखाली भर दुपारी गडद सावली असते. चढत्या उन्हात त्या सावलीत बसावे आणि मुठेलाची गरजच पडू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या उपायक्रमातली पहिली पायरी खरे तर तीच होती.