अंकोरवाटचा एक दिवस

समुद्र ओलांडून परदेशीं जावें आणि तेथें विष्णूचेंच मंदिर पाहावें, हा योग संस्कृतावर जन्म घालविलेल्या माणसास अपूर्वच होय. २०२४ च्या माघांत आम्ही पुण्याहून २६ जणांच्या मंडळीसमवेत कंबोडियांत गेलों, त्यांतील अंकोरचा एक दिवस येथें सांगावयाचा आहे.

पहाटे पांचास निघावयाचें ठरलें होतें. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळें शिखरांमागून सूर्य वर येतो, तो सोहळा पाहावयाचा होता. परंतु पुणेकरांचा चहा हें स्वतंत्र प्रकरण आहे. हॉटेलचा चहा कोणास पिववेना म्हणून एका भगिनींनीं खोलींत विजेच्या किटलीवर आल्याचा चहा केला, व तो घोटघोट सर्वांस पोंचेपर्यंत सहा वाजून गेले. तेथील तिकिटावर ज्याचा त्याचा फोटो छापलेला असतो. दोघां व्याह्यांच्या तिकिटांची अदलाबदल झालेली. रक्षक एकदां फोटोकडे व एकदां तोंडाकडे पाहत राहिला. तोंवर दिवस कासराभर वर आला होता.

खंदकावरील सेतूवर पाऊल पडतांच मात्र बडबड थांबली. हा खंदक सुमारें १९० मीटर रुंद आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा दुसरा सूर्यवर्मा यानें हें मंदिर विष्णूप्रीत्यर्थ बांधिलें. पुढें तें बौद्धांचें झालें व आजहि भगव्या वस्त्रांतले भिक्षु तेथें दिसतात. पूर्वेकडील ओवरींत समुद्रमंथनाचें शिल्प सुमारें ४९ मीटर लांब कोरलें आहे. एका अंगास ९२ असुर, दुसऱ्या अंगास ८८ देव, मध्यें कूर्मावर मंदर. गंमत अशी कीं, देवांकडे अगदीं टोकाशीं वासुकीचें शेपूट धरून एक वानरहि ओढीत आहे! आमच्या पुराणांत तो नाहीं. खुशाल असो, ओढणारा एक वाढला.

आम्ही तेथें रमलों. कांहीं तरुण मंडळी वरच्या उभ्या जिन्याच्या रांगेंत शिरली, कांहीं सांवलींत दशम्या सोडून बसली. साडेदहास डोकीं मोजलीं तों पंचवीस! आमच्या थोरल्या वहिनी दिसेनात. वय ७४, मधुमेहाची व्यथा, आणि मोबाईल गाडींतल्या पिशवींत. ऊन रणरणत होतें.

सहलीचा व्यवस्थापक म्हणाला, "बेयॉनची वेळ टळेल, एकानें थांबावें, बाकीच्यांनीं निघावें." एका गृहस्थांनीं त्यास लगेच दुजोरा दिला, पैसे सर्वांनीं सारखेच भरले आहेत, असेंहि ते म्हणाले. यावर जो गलका उडाला तो दगडांतल्या देवासुरांसहि लाजविणारा होता. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, वहिनी सांपडल्यावांचून आम्ही येथून हालणार नाहीं. मग चार वाटांनीं चार तुकड्या निघाल्या.

वहिनी सांपडल्या त्या अगदीं पहिल्या, पश्चिमेच्या महाद्वारांत. तेथें अष्टभुज विष्णूची प्रचंड मूर्ति उभी आहे. तेथील लोक तिला 'ता रीच' म्हणतात व अद्यापि उदबत्त्या लावून पूजितात. मूर्तीसमोर एका ख्मेर म्हातारीच्या शेजारीं वहिनी मांडी घालून बसल्या होत्या. म्हातारीनें दिलेलें केळें त्यांच्या हातांत होतें. एकीची भाषा दुसरीस ठाऊक नव्हती.

"वहिनी, अहो किती शोधलें आम्हीं!"

"भावजी, तुम्ही सगळे पुढें धांवलांत. दारांत देव उभा, त्याला ओलांडून कसें जायचें? माझें सहस्रनाम तीनदां झालें."

आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांस पाणी आलें. आम्हांसहि बोलवेना.

बेयॉन राहिलें. दुपारीं ता प्रोम मात्र पाहिलें. सातव्या जयवर्म्यानें इ. स. ११८६ मध्यें येथें आपल्या मातेची प्रज्ञापारमितेच्या रूपानें स्थापना केली. मूळ नांव राजविहार. येथील संस्कृत शिलालेखांत राज्यांतील १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे, ती आम्हांस बांधकामाहूनहि मोलाची वाटते. वृक्षांचीं मुळें भिंतींवरून अजगरांसारखीं उतरलीं आहेत. झाड तोडावें तर भिंत ढांसळते, ठेवावें तर फाटते. आपल्या पुरातत्त्व खात्यानें १९८६ ते १९९३ पर्यंत अंकोरवाटची डागडुजी केली व पुढें हें अवघड कामहि हातीं घेतलें.

परततांना बेयॉनचा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांनींच गाडी पश्चिमेच्या सेतूशीं थांबवावयास लाविली. "मूर्ति नेमकी कोणत्या अंगास?" असें वहिनींस विचारून ते एकटेच आंत गेले. अर्ध्या तासानें परत आले, आणि या खेपेस घाई कोणींच केली नाहीं.