घसाऱ्याची तरतूद

बँकेतील माझ्या नोकरीचा बराच काळ कर्ज विभागात गेला. एखादा व्यापारी नव्या गोदामाचा किंवा यंत्राचा प्रस्ताव घेऊन समोर बसला की त्याच्या अंदाजपत्रकातील एक रकाना मी आवर्जून पाहत असे. तो रकाना घसारा आणि देखभालीचा. वस्तू उभी करण्याचा खर्च प्रत्येकाला तोंडपाठ असतो; ती उभी ठेवण्याचा खर्च बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. "शेठजी, या इमारतीची दहा वर्षांनी डागडुजी कोण करणार?" हा माझा ठरलेला प्रश्न होता. तोच प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, आणि तीही सातासमुद्रापार, एका डोंगरात चिखलात उभे असताना.

माझे चिरंजीव कॅनडात व्हँकुव्हरजवळ, नॉर्थ व्हँकुव्हर येथे राहतात. घराच्या मागेच डोंगर सुरू होतो. फ्रॉम, सेमूर आणि सायप्रस हे तेथील तीन डोंगर डोंगरी सायकलस्वारांमध्ये जगभर प्रसिद्ध आहेत. रुंद टायरच्या, धक्के शोषून घेणाऱ्या सायकलींवरून जंगलातील अरुंद वाटांनी उतरण्याचा हा खेळ. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन तो रुजवला. नॉर्थ व्हँकुव्हरच्या मंडळींनी पुढे त्याला स्वतःचे वळण दिले. दलदल आणि पडलेली झाडे ओलांडण्यासाठी त्यांनी देवदारासारख्या सीडर वृक्षाच्या फळ्यांचे शिडीवजा पूल बांधले.

चिरंजीवांचा हा छंद मला ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते हे, की महिन्यातला एखादा रविवार ते सायकल घरीच ठेवून, हाती कुदळ-फावडे घेऊन त्या वाटा दुरुस्त करायला जातात. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता तेथे गेलो असता, पावसात निघालेल्या मुलाला पाहून मी म्हणालो, "अरे, एवढे शिकलास ते माती उपसायला का? सगळ्यांनी वर्गणी काढा आणि मजूर लावा." तो हसला. "पप्पा, वर्गणी तर देतोच. पण तुम्ही एकदा चला माझ्याबरोबर."

मी गेलो, ते थोडेसे त्याची उलटतपासणी करण्याच्याच हेतूने.

डोंगराच्या पायथ्याशी पंधरा-वीस माणसे जमली होती. कोणी सुतार, कोणी दंतवैद्य, एक निवृत्त शिक्षिका, दोन शाळकरी मुले. १९९७ साली स्थापन झालेल्या नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशनच्या वतीने हे काम चालते. जमीन सार्वजनिक असल्याने परवानगीशिवाय कोणी मनाला येईल तेथे खणू शकत नाही. आधी नोंदवहीत सही, मग हातमोजे, मग अवजारांचे वाटप. माझ्या हाती एक विचित्र अवजार आले. त्याच्या एका बाजूला दंताळे आणि दुसऱ्या बाजूला रुंद पाते होते.

वाट पाहिल्यावर माझा पहिला समज गळून पडला. मला वाटे, जंगलातली वाट म्हणजे माणसे चालून-चालून आपोआप झालेली असणार. तिला देखभाल कसली? परंतु चाके सतत मधूनच गेली की वाटेचा मध्य दबतो आणि तिची पन्हळ होते. पावसाचे पाणी त्या पन्हळीतून धावते, बारीक माती धुऊन नेते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. पुढे तेथे डबके साचले की स्वार चिखल टाळण्यासाठी कडेने जातो, दुसरा त्याच्याही कडेने जातो, आणि हातभर वाटेचा हमरस्ता होऊन आजूबाजूची झुडपे चिरडली जातात. म्हणजे नुकसान चाक सुरू करते, पण पुरे करते ते पाणी. त्या प्रदेशात शरदापासून वसंतापर्यंत पावसाची रिपरिप चालूच असते. तेव्हा हा घसारा किती वेगाने होत असेल याची कल्पना यावी.

त्यावरचा उपायही तितकाच साधा आणि तितकाच चिकाटीचा. वाट उताराच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून आडवे निघून जाते. ठिकठिकाणी उथळ खळगा काढून पाण्याला बाहेरचा रस्ता द्यायचा. वाट आखतानाही एक नियम पाळतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. नाहीतर पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेनेच खाली धावते. जेथे उतार फारच तीव्र आहे तेथे मोठे दगड एकमेकांत घट्ट बसवून फरसबंदी करतात. ते दगड पाहून मला आपल्या नाणेघाटाच्या जुन्या व्यापारी वाटेची आठवण झाली.

माझ्याकडे आलेले काम मात्र अगदीच क्षुल्लक वाटणारे होते. मेपलची ताटाएवढी पाने गळून पाण्याचे खळगे तुंबले होते. ती दंताळ्याने बाजूला करायची. मी जरा नाराजीने विचारले, "यासाठी इतक्या लांबून माणूस कशाला?" तेव्हा शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "वाट बिघडते ती बहुधा येथूनच. एक खळगा तुंबला की दोन पावसांत वीस बादल्या माती जाते." त्या वीस बादल्यांचा अर्थ मला दुपारी कळला.

त्या जंगलात वरचा थर पालापाचोळ्याचा आणि कुजलेल्या लाकडाचा असतो. वाटेवर तो टाकला तर स्पंज होऊन चिखलच वाढतो. त्याच्या खाली पिवळसर-तपकिरी खडीमिश्रित माती असते. तीच चोपल्यावर दगडासारखी बसते. तेथील मंडळी तिला 'सोनेरी माती' म्हणतात. ती मिळेल तेथे खड्डा करायचा, बादल्या भरायच्या आणि उतारावरून वाटेपर्यंत हाताने वाहून न्यायच्या. खणताना जीवजंतूंचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. पण वरचा जिवंत थर ते आधी अलगद बाजूला काढतात आणि काम झाल्यावर खड्ड्यावर पुन्हा पसरतात, हे पाहून मनाला थोडे समाधान वाटले. मी अर्ध्या-अर्ध्या चार बादल्या वाहिल्या. पाचवीला चिरंजीवांनी हात पुढे केला आणि मीही मुकाट्याने दिली. धुम्मसाने चोपून संध्याकाळपर्यंत जेमतेम पंधरा-सोळा पावले वाट तयार झाली. तिथे कुणाचेही नाव कोरायचे नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत आणखी एक गोष्ट कळली आणि तिने माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. तेथील दुकाने आणि कंपन्या एकेक वाट 'दत्तक' घेतात. म्हणजे तिच्या देखभालीसाठी संस्थेला पैसे देतात. पण तेवढ्यावर सुटका नाही. दुकानाचा मालक आणि नोकर दोघांनीही ठरल्या दिवशी येऊन फावडे धरायचे असते. मी मुलाला म्हणालो, "पैसे दिले म्हणजे झाले की." तो म्हणाला, "पप्पा, बादली वाहिलेला माणूस नंतर पन्हळीतून सायकल नेत नाही. आणि वाटेत एखादे पान अडकलेले दिसले तर उतरून काढतो."

या उत्तरावर माझ्याकडे प्रतिउत्तर नव्हते. कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर दुसरेच काही उभे राहिले होते.

आमच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी एक पाणपोई आहे. माझ्या वडिलांनी आजीच्या स्मरणार्थ ती १९७४ साली बांधली. संगमरवरी पाटीवर आजीचे नाव आहे, खाली वडिलांचे आहे. उद्घाटनाला मी नवे कपडे घालून उभा होतो. वडील असेपर्यंत दर उन्हाळ्याआधी ते स्वतः टाकी घासून घेत. त्यांच्या पश्चात आम्ही भावांनी पाटी दोनदा रंगवून घेतली. टाकी मात्र एकदाही उघडून पाहिली नाही. आधी एक तोटी गेली, मग दुसरी, मग सांडपाण्याची मोरी तुंबून पुढे शेवाळ झाले आणि लोक तेथे टपरीवरचे कप टाकू लागले. गावी गेलो की मी त्या पाटीसमोरून जात असे. वाचत असे ती पाटी, पाहत नसे तोटी. आयुष्यभर दुसऱ्यांना घसाऱ्याचा रकाना दाखवणाऱ्या माणसाने घरच्या खात्यात तो रकाना कोराच ठेवला होता.

परत आल्यावर भावांची बैठक घेतली. पहिला प्रस्ताव अपेक्षेप्रमाणेच आला. जुने पाडून थंड पाण्याचे नवे यंत्र बसवू, नवी पाटी लावू. मी एवढेच विचारले, "आणि दहा वर्षांनी?" बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले की नवे काही बांधायचे नाही. दोन तोट्या, मोरीची दुरुस्ती आणि टाकीला झाकण. पुढे प्रत्येक घराकडे पाळीने एकेक महिना. पैसे सामायिक खात्यातून, पण टाकी घासायला घरातील माणूस स्वतः जाईल. धाकट्या वहिनींनी वहीत तक्ता आखला. पहिला महिना मी मागून घेतला. मोरीतला गाळ काढताना शेजारचा दुकानदार धावत आला, "काका, पोऱ्याला पाठवतो, तुम्ही कशाला?" मला माझेच शब्द ऐकू आल्यासारखे वाटले. मी म्हणालो, "पोऱ्या नको. तू ये."

तो आला, हे सांगायला आनंद वाटतो.

आपल्या व्यापारी समाजाचा हात देण्यात कधीच आखडलेला नाही. गावोगावच्या धर्मशाळा, दवाखाने, वसतिगृहे त्याची साक्ष देतात. पण त्यांतील किती ठिकाणी गळकी छपरे आणि बंद पडलेल्या तोट्या आहेत, हेही आपण सर्व जाणतो. बांधणाऱ्याची पाटी लागते. घासणाऱ्याची लागत नाही. म्हणून एक नम्र सूचना. यापुढे एखादी वास्तू अर्पण करताना दानपत्रात आणखी एक ओळ लिहावी. देखभालीसाठी किती रक्कम बाजूला ठेवली, आणि घरातील कोण वर्षातून किती दिवस तेथे हाताने काम करणार. पहिला आकडा कोणताही हिशेबनीस काढून देईल. दुसरा मात्र ज्याचा त्यानेच भरायचा आहे.

चिरंजीवांचा परवाच फोन आला. आम्ही चोपलेले ते पंधरा-सोळा पावलांचे काम हिवाळ्याच्या पावसात टिकले, खळगाही वाहता आहे, असे तो सांगत होता. मी त्याला टाकीचे सांगितले. यंदा एप्रिलची पाळी त्याने मागितली आहे. सुट्टी काढून येणार म्हणतो.