बारदान

व्यापाऱ्याच्या घरातील मूल अक्षरांच्या आधी वजने ओळखू लागते. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर वाढलेल्या धाकट्या मुलाचेही तसेच झाले. शाळेच्या सुट्टीत तो अण्णांच्या शेजारी गादीवर बसे. हमालांनी पोते काट्यावर चढवले की तोलाईदार मोठ्याने आकडा पुकारी आणि अण्णा वहीत तीन रकान्यांत नोंद करीत : एकूण वजन, बारदान, निव्वळ माल. पोत्याचे स्वतःचे वजन वजा केल्याखेरीज मालाचे खरे वजन हाती येत नाही, हा त्याचा पहिला धडा.

पुढे थोरल्याने पेढी सांभाळली. धाकटा वालचंद महाविद्यालयातून यंत्र अभियंता झाला, नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि लेस्टर शहरात स्थिरावला. अण्णांनी त्याला अडवले नाही. परंतु पेढी सोडल्याची रुखरुख त्यांच्या मनातून गेलीही नाही. रविवारच्या दूरध्वनीवर ते बाजारभाव सांगत, पावसाची चौकशी करीत आणि शेवटी विचारीत, "तुझ्या लोखंडाचे कसे चालले आहे?"

२०१५ च्या फेब्रुवारीत त्या लोखंडाने अनपेक्षित रूप धारण केले. एका मालवाहू गाडीतून नळ्यांचा एक सांगाडा आणि वीसेक खोकी धाकट्याच्या घरासमोर उतरली. ती एका मोटारीची सुटी अंगे होती आणि मोटार त्याने स्वतः जोडायची होती. हे ऐकून अण्णा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, पैसे पुरे मोजलेस, माल सुटा घेतलास आणि मजुरीही तुझीच? असला सौदा आपल्या पेढीवर कुणी केला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गादीवर बसू दिले नसते."

या विचित्र सौद्यामागे मोठा इतिहास आहे. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याने १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही मोटार बाजारात आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, दोन आसने, पुढच्या चाकांवर सायकलसारखी पन्हाळी. दरवाजे नाहीत आणि छप्पर म्हणजे गुंडाळून ठेवायचे कापड. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता. सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. त्यामुळे बेताच्या उत्पन्नाचे हौशी लोक भाग विकत घेऊन घरीच गाडी उभी करीत. जोडणीच्या सूचना सोबत दिल्यास करसवलत जाईल म्हणून ग्राहकाला गाडी सुटी करण्याच्या सूचना देत आणि त्याने त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात, अशी एक गोष्ट आजही तिकडे चवीने सांगितली जाते. १९७३ मध्ये तो कर गेला आणि त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम कार्स या विक्रेत्या संस्थेला दिले. मूळ कारण संपले, पण हौस संपली नाही. त्याच घडणीच्या गाड्या आजही लोक आपल्या हातांनी जोडतात.

चॅपमनचा सारा विचार वजनाभोवती फिरत असे. शक्ती वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन घटवले तर ती सर्वत्र वेगवान होते, असा त्याचा सिद्धान्त होता. त्यात तथ्य आहे. हलक्या गाडीला वेग घेण्यास थोडे इंजिन पुरते, थांबण्यास लहान ब्रेक पुरतात, वळणावर टायरांना कमी भार पेलावा लागतो आणि हे सारे भाग लहान झाले की गाडी आणखी हलकी होते. कुटुंबाची सामान्य मोटार बाराशे ते पंधराशे किलो भरते, तर अशी गाडी साधारण पाचशे ते साडेपाचशे. धाकट्याला या हिशेबाची भूल पडली होती. अण्णांना ते सांगता आले असते, पण त्याने सांगितले नाही.

वर्षभर शनिवार-रविवार तो गॅरेजमध्येच असे. मुलगी स्टुलावर बसून भागांची यादी वाची आणि तो एकेक भाग उचली. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, याचे आकडे ठरलेले असतात. आवळून झाला की ती त्यावर पिवळ्या रंगाची खूण करी. स्वयंपाकघरातील वजनकाटा एकदा बोल्ट तोलण्यासाठी गॅरेजमध्ये गेला. तो पुन्हा घरात घेण्यास सूनबाईंनी ठाम नकार दिला. प्रत्येक भागाचे वजन धाकटा एका लांबट वहीत टिपून ठेवी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सवय गादीवरची होती. फरक इतकाच की येथे रुपयांच्या जागी ग्रॅम होते.

अशा घरगुती गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी तिकडे सरकारी तपासणीतून जावे लागते. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, आसनपट्ट्यांच्या पकडी, सारे पाहिले जाते. पहिल्या खेपेस गाडी नापास झाली. कारण इंजिनात नव्हते. बाहेरच्या दोन कंसांच्या कडा धारदार राहिल्या होत्या. बाहेरून स्पर्श होऊ शकेल अशा कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर असावी, असा नियम आहे. रस्त्यावरून चालणाऱ्या अनोळखी माणसाला आपल्या गाडीने ओरखडासुद्धा काढू नये, हा त्यामागचा हेतू. धाकट्याने कडा घासल्या, त्यांवर रबरी पट्ट्या बसवल्या आणि २०१६ च्या वसंतात गाडीला नंबर मिळाला.

त्या जूनमध्ये आई लेस्टरला आली. अण्णा आले नाहीत. पेढी सोडून महिनाभर राहणे त्यांना पटत नसे. आईने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला कधी बसवतोस?" त्या आठवड्यात पाऊस सुटला नाही. शिवाय इंजिन नवे होते, पहिल्या पाचशे मैलांनंतर सारे बोल्ट पुन्हा तपासायचे होते. "पुढच्या उन्हाळ्यात, आई," तो म्हणाला. ती हसली आणि आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाडीत दुसरे आसनच उरले नव्हते. धाकटा बंद शर्यतमार्गावर गाडी चालवू लागला होता आणि तेथे वजनाचा सोस माणसाला धरतो. जादा चाक आणि त्याची पकड, १६ किलो, समोरची काच, तिची चौकट व पुसणी, ११ किलो, हीटर, ४, कापडी छप्पर आणि बाजूचे पडदे, ६, शेजारचे आसन आणि त्याचे पट्टे, ९. एकूण ४६ किलो वहीत वजा झाले. काचेच्या जागी बोटभर रुंदीचा वारा अडवणारा तुकडा आला. फेरीमागे दीड सेकंद वाचला. सूनबाई एकदाच म्हणाल्या, "आता या गाडीत तुम्हांला एकट्यालाच जाता येईल." त्याने ती प्रशंसा समजली.

आई पुन्हा आली नाही. २०१९ मध्ये ती गेली.

२०२३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, अण्णा प्रथमच लेस्टरला आले. थोरल्याने आग्रह करून त्यांना विमानात बसवले होते. पहिले काही दिवस त्यांनी घर पाहिले, बागेत फिरले, दुपारी नातीशी पत्ते खेळले. गॅरेजकडे ते वळले नाहीत. एका संध्याकाळी मात्र ती लांबट वही त्यांच्या हाती लागली. चष्मा लावून ते तास-दीड तास वाचत बसले. मग त्यांनी धाकट्याला हाक मारली.

"येथे चूक आहे."

चूक होती आणि ती धाकट्याला सहा वर्षे छळत होती. भाग काढण्यापूर्वी चारही चाकांखाली काटे ठेवून गाडी तोलली, तेव्हा ती ५४८ किलो भरली होती. ४६ वजा जाता ५०२ राहायला हवे होते. काट्याने ५१५ दाखवले. प्रत्येक भाग वेगळा तोललेला, काटे तेच, तरी १३ किलो जास्त. काटे बिघडले असावेत असे मानून त्याने तो नाद सोडला होता.

अण्णांनी विचारले, "तोलताना ओल किती होती?"

धाकट्याला प्रश्न कळेना. अण्णा शांतपणे म्हणाले, "वजा करूनही माल वाढला, तर काट्यावर संशय घेण्याआधी मालातली ओल पाहावी. हळकुंड नीट वाळलेले नसले की पोते जड भरते. तुझ्या गाडीत ओले काय असते?"

गाडीत पेट्रोल असते. अण्णांनी वहीच्या मागच्या कप्प्यातील पावत्या एकेक करून उलगडल्या. दुसऱ्या तोलाच्याच दिवशीची, सकाळची पावती सापडली : टाकी भरली, १८ लिटर. पहिला तोल अर्ध्या टाकीवर झाला होता, दुसरा पूर्ण टाकीवर. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते. अठरा लिटरांचे तेरा किलो आणि वर थोडे. सहा वर्षांची चूक पाच मिनिटांत मिटली. अभियंत्याचा हिशेब हळदीच्या अडत्याने जुळवून दिला होता आणि दोघांनाही त्याचे हसू आले.

मग अण्णांनी ४६ किलोंच्या यादीवर बोट ठेवले. ते एका ओळीपाशी थांबले. "हे आसन कुठे आहे?"

"माळ्यावर, अण्णा."

"तिला बसायचे होते ना यात?" त्यांनी विचारले. धाकट्याने होकारार्थी मान हलवली. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. अण्णांनीही काही वेळ वहीकडेच पाहिले. मग ते म्हणाले, "बारदान वजा करतात, बाळ, पण फेकून देत नाहीत. पोत्याशिवाय माल बाजारात येईल कसा?"

शनिवारी धाकट्याने माळ्यावरून आसन काढले, कोळिष्टके झटकली. आसन, समोरची काच आणि हीटर, मिळून २४ किलो पुन्हा गाडीत चढले. जादा चाक, छप्पर आणि पडदे मात्र अण्णांच्याच सल्ल्याने माळ्यावर राहिले. "जे लागत नाही, ते नकोच," असे त्यांचे मत पडले. त्यानंतर चार काटे पुन्हा मांडले गेले. धाकटा एकटा बसला, तेव्हा उजवी बाजू नेहमीप्रमाणे जड दिसली. चालक तिकडे उजवीकडेच बसतो. स्प्रिंगांची उंची कमीजास्त करून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील भार जुळवता येतो. परंतु डाव्या-उजव्या बाजूंचे एकूण वजन त्याने बदलत नाही. त्यासाठी वजनच एका बाजूकडून दुसरीकडे न्यावे लागते. गाडी हलकी असल्याने हा दोष त्याला जास्तच जाणवे आणि त्यावर त्याला इतक्या वर्षांत उपाय सापडला नव्हता.

नातीने आजोबांचा हात धरला. गाडीत शिरणे सोपे नव्हते. आसन जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय आधी आत सरळ सोडायचे आणि बाजूच्या धूरनळीला पोटरी लागू द्यायची नाही. अण्णा हळूहळू बसले. पट्टा आवळला गेला. नातीने चारही काट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचले, अगदी तोलाईदारासारखे. धाकट्याने बेरीज केली, पुन्हा केली. अण्णांच्या ५८ किलोंनी दोन्ही बाजू जवळजवळ समान आणल्या होत्या.

"किती फरक?" अण्णांनी आतूनच विचारले.

"चार किलो, अण्णा."

"चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. लोकरी टोपी, मफलर आणि नातीचा गॉगल घालून अण्णा निघाले. ॲशबोर्नपासून बक्स्टनकडे जाणारा रस्ता चुनखडीच्या पठारावरून जातो. दोन्हीकडे दगडी गडगे, त्यांपलीकडे मेंढ्या आणि वर मोकळे आकाश. धाकट्याने घाई केली नाही. तरीही त्या गाडीत चाळीस मैलांचा वेगही मोठा वाटतो. रस्ता हाताखालून धावतो, कापलेल्या गवताचा वास थेट नाकात येतो आणि वळण आले की गाडी हात फिरवण्याआधीच वळल्यासारखी भासते. अण्णा काही बोलले नाहीत. एका चढावर त्यांनी काचेच्या वर हात उचलून वाऱ्यात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बक्स्टनला चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "तिला आवडले असते."

महिन्याने अण्णा सांगलीला परतले. जाण्यापूर्वी त्यांनी वहीत आसन, काच आणि हीटर यांची नोंद स्वतःच्या हाताने जमेच्या बाजूला लिहिली, खाली रेघ मारली आणि बेरीज केली. त्या शरदात धाकटा पुन्हा शर्यतमार्गावर गेला. फेरीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला, पण आसन त्याने काढले नाही. आता अधूनमधून मुलगी शेजारी बसते, कधी सूनबाईही बसतात.

रविवारी दूरध्वनी येतो. हळदीचा भाव, पाऊस आणि कृष्णेचे पाणी यांची चर्चा होते. शेवटचा प्रश्न मात्र बदलला आहे. "गाडी तोललीस का?" अण्णा विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता बजावतात, "टाकी किती भरली होती, ते लिहून ठेव."