जेवणाच्या टेबलावर फवारणीचा पंप ठेवू नका



एरवी मी भात, नागली, वरई यावर लिहितो. आज टेबलावर लिहितोय, हसू नका. आपल्या भंडारदरा पट्ट्यात आता बऱ्याच जणांनी बांधाकडंला तंबू लावलेत. मे संपता संपता काजवे सुरू झाले की गर्दी येते, पावसाळ्यात धबधब्याला येते, थंडीत राहायला येते. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरणही आलं. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, म्हणून हा जोडधंदा. यात तंबूवर सगळे बोलतात, जेवणावर बोलतात. टेबलावर कोणी बोलत नाही.

माझ्याकडं आंब्याखाली सहा टेबलं आहेत, दोन्ही बाजूला बाकडं जोडलेली. पाहुणा तंबूत झोपतो तेवढाच. बाकी खाणं, पत्ते, गप्पा सगळं टेबलावर. फळी चिकट असली तर पिठलं-भाकर कितीही झकास असू द्या, बाईमाणूस पहिल्या घासाआधी ओढणीनं फळी पुसून घेतं. असं दिसलं की समजायचं, आपली किंमत झाली.

आधी लाकडाचं. सागाचा आतला तपकिरी गाभा टिकतो, पण बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते. सुतार स्वस्तात देतो म्हणून पांढऱ्या भागाच्या फळ्या घेऊ नका. आंब्याचं लाकूड उघड्यावर टिकत नाही, त्याला भुंगा लागतो. बाभूळ दणकट, पण तिच्यात तुरट द्रव्य भरपूर. साधा लोखंडी खिळा मारला की पावसात खिळ्याभोवती काळे डाग पडतात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले नाहीतर स्टीलचे नट-बोल्ट वापरायचे. दोन फळ्यांत पाव इंच फट ठेवायची. पाणी निथळतं, आणि पावसात लाकूड फुगलं तरी फळी उचकटत नाही.

भंगारात रेल्वेचे जुने स्लीपर मिळतात, मजबूत असतात. पण ते डांबरतेल पाजलेले असतात. जेवणाच्या फळीला ते लाकूड नको. अमेरिकेत तर आर्सेनिक असलेलं औषध पाजलेल्या लाकडाची असली टेबलं घरोघरी आणि बागांत होती. तिथल्या कारखानदारांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते लाकूड बनवणं बंद केलं.

आता रोजची सफाई. पाहुणे उठले की आधी कोरडं झाडायचं. खरकटं टेबलाखाली पाडायचं नाही, सुपलीत धरायचं. खाली पडलेल्या शितावर मुंग्या येतात, मग उंदीर येतो, आणि उंदरामागं कोण येतं हे भातवाल्याला सांगायला नको. मग कोमट पाणी, थोडा साबण आणि काथ्याचा ब्रश. ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवायचा, आडवा घासला तर रेषे उभे राहतात. गाड्या धुवायच्या जोरदार फवाऱ्यानंही तेच होतं. फळी खरखरीत होते आणि पोरांच्या हातात कूस घुसते. धुतल्यावर फडक्यानं टिपून उन्हात वाळू द्यायची. बाकड्याची खालची बाजू विसरू नका, कोळी आणि गांधीलमाशी तिथंच घर करतात.

डागांचं असं. हळदीचा डाग घासत बसू नका. साबणानं तेल काढा आणि फळी उन्हात ठेवा, ऊन हळदीचा रंग खातं. मेणबत्तीचं मेण सकाळच्या गारव्यात लाकडी पट्टीनं खरवडलं की तुकडे पडतात. पाखरांची विष्ठा कोरडी खरवडू नका, धूळ नाकात जाते. आधी भिजवायची, मग काढायची. राखेनं भांडी लख्ख निघतात, पण साग-बाभळीच्या फळीला ओली राख आणि धुण्याचा सोडा काळपटपणा आणतात. कच्चं चिकन टेबलावर कापू द्यायचं नाही, त्याला वेगळा पाट द्या. ब्लीचिंग पावडर कधी वापरायची वेळ आलीच तर तिच्यात संडासाचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. विषारी वायू होतो.

वर्षातून दोनदा मोठं काम. एकदा मार्च-एप्रिलात, एकदा पाऊस गेल्यावर लाकूड पूर्ण वाळलं की. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा, मग घाण्याचं अळशीचं तेल. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं अळशी तेल लवकर वाळतं, पण वाळण्यासाठी त्यात धातूची औषधं घालतात, म्हणून जेवणाच्या फळीला मी ते लावत नाही. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, चिकट राहतं. अळशीचा हात पातळ द्यायचा, जादा तेल पुसून काढायचं, आणि चांगले काही दिवस टेबल वापरायचं नाही. एक धोका लक्षात ठेवा. या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेट घेतात. ते पसरून उन्हात वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि नट सैल होतात. काजव्यांच्या गर्दीआधी पाना घेऊन एक चक्कर मारायची. जोडबाकड्याच्या टेबलावर चार जण एकाच बाजूला बसले तर टेबल उलटू शकतं, पाहुण्यांना आधीच सांगायचं. पायांखाली सपाट दगड द्यायचा, मातीत पाय ठेवला की वाळवीला जिना मिळतो. आपल्याकडच्या पावसात टेबलं पडवीत आडवी उभी करा. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते आणि बुरशी येते.

हे सगळं जमलं तरी एका गोष्टीनं पाणी फिरतं, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो.

मागच्या पावसाळ्यात भाऊबंदापैकी एकानं खाचराच्या कडंचं माझं टेबल रिकामं बघून त्यावर तणनाशक मोजलं, पंप भरला, बाटली तिथंच आडवी. मी पोचलो तोवर फळीनं औषध पिऊन टाकलेलं. तो म्हणाला, "धुऊन टाक की, त्यात काय एवढं." लाकूड म्हणजे स्टीलचं ताट नव्हे. रेषांत गेलेलं औषध किती निघालं हे घरी कसं तपासणार? पोरं सांडलेली शेव फळीवरूनच उचलून खातात. मी वरच्या फळ्या काढल्या. चुलीतही घातल्या नाहीत, कारण तो धूर घरात आला असता. औषधांच्या खोलीत मांडणीला लावल्या. नव्या फळ्यांचा खर्च मी केला, त्यानं दोन महिने बोलणं टाकलं. आता बोलतो.

त्याचा एकट्याचा दोष कशाला धरू? आपली सवयच तशी. कुंपणाच्या खांबाला आपण जळकं ऑइल फासतो, वाळवी दिसली की क्लोरोपायरीफॉस ओततो. खांबावर कोणी जेवत नाही म्हणून ते चालतं. त्याच हातानं, त्याच डब्यातलं टेबलाला लावणारेही मी बघितलेत. "वाळवी लागत नाही" असं अभिमानानं सांगतात. वाळवी ज्यानं मरते त्यावर आपण लेकराचं ताट मांडतोय, एवढा विचार करा.

मी आता असं केलंय. औषध मोजायला विहिरीपासून आणि पाहुण्यांच्या जागेपासून लांब एक शहाबादी फरशी बसवली. मापं, बादली, हातमोजे तिथंच. टेबलांच्या पायांवर पांढऱ्या रंगात 'जेवणाचं' असं लिहिलं. गडी बदलला की पहिल्या दिवशी त्याला दोन्ही जागा दाखवतो. कृषी सहायक आणि डॉक्टर मंडळी हे वाचतात, त्यांना विनंती. फवारणीच्या शिबिरात मास्क-हातमोज्यांबरोबर औषध कशावर ठेवून मोजायचं हेही सांगा. शेतातच पाहुणे जेवायला लागलेत, त्यामुळं हा प्रश्न आता नुसत्या फवारणाऱ्याचा राहिला नाही.

आणि ज्यांची टेबलं आंब्याखाली आहेत त्यांनी मोहोराच्या फवारणीआधी ती बाहेर काढा. मी कालच काढली.