ताट कुणी उचलायचं?

आमच्या घरात आईने घालून दिलेला एक नियम आहे. जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट उचलायचं, खरकटं काढायचं आणि ताट विसळून ठेवायचं. पाहुण्यांनाही सूट नाही. एक काका कुरकुरले होते, "आता पुरुषांनी उष्टी काढायची का?" आई शांतपणे म्हणाली, "उष्टं तुमचंच आहे ना, भावोजी?"

हसण्यावारी नेऊ नका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१.

"आमच्याकडे भांड्यांना मावशी आहेत की!" अहो, पण त्याही बाईच. रात्रभर वाळून कडक झालेला भात सकाळी त्यांनाच खरवडावा लागतो. पातेल्यात तांब्याभर पाणी ओतून ठेवायला किती वेळ लागतो? राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण मावशींनी आठवड्याची सुट्टी मागितली की अजूनही आपल्या कपाळावर आठ्या पडतात.

सुट्टी द्यायला हवीच. त्या दिवशी भांडी घरातल्या सगळ्यांनी वाटून घासायची. मुलीच्या हातात घासणी देताना मुलाच्याही द्या. नवरोबांनी कढई घ्यावी, ती जड असते.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? खरं खरं सांगा.