भजी तळणारीला सामना कधी दिसायचा?

फुटबॉलचा सामना आणि खाणे यांचे नाते कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. या शहरात कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे घेतली की पेठापेठांतली माणसे तावातावाने बोलू लागतात. शाहू स्टेडियमवरून परतणारा माणूस, आपला संघ जिंको वा हरो, मिसळ खाल्ल्याशिवाय घरी जात नाही. विश्वचषक आला की गल्लीबोळांत ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे झेंडे लागतात. आमची एक म्हातारी बाई विचारायची, "ह्यो कुठल्या पक्षाचा झेंडा म्हणायचा?"

हा नाद आता शहरापुरता राहिलेला नाही. गडहिंग्लजकडे तो जुनाच आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मग तर वाड्यावस्त्यांवरची पोरेही उसाच्या फडाकडेच्या मोकळ्या रानात दोन दगड ठेवून चेंडू मारू लागली. ज्या घरी मोठा टीव्ही, त्या घरी सामन्याच्या रात्री पंधरा-वीस माणसे जमतात. आणि शेतकऱ्याच्या घरी माणूस आला म्हणजे त्याच्यापुढे काहीतरी ठेवणे आलेच.

मला लिहायचे आहे ते या ठेवण्याबद्दल. शेतीखात्याचा माणूस खाण्यावर कशाला लिहितो, असे कुणी म्हणेल. पण रानातून निघालेला माल शेवटी कुठे जातो? तीस वर्षे मी लोकांच्या ओट्यावर बसून पिकांच्या गोष्टी केल्या, त्या चहा-पोह्यांवाचून कधीच झाल्या नाहीत.

१८ डिसेंबर २०२२ चा रविवार. कतारमधल्या विश्वचषकाची अंतिम लढत, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होणारी. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी माझे एक जुने शेतकरी स्नेही राहतात. ऊस, भुईमूग आणि थोडे भात अशी त्यांची शेती. त्यांच्या घराच्या सोप्यात त्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांचे दोन मुलगे, मुलांचे मित्र, शेजारचे दोन म्हातारे आणि गुऱ्हाळावरून हात धुऊन थेट आलेली चार माणसे. मार्गशीर्ष चालू होता. त्या घरी मार्गशीर्षात महिनाभर वशाट शिजत नाही, त्यामुळे रविवार असूनही रश्श्याचा विषय नव्हता. पण परातभर भडंग होते, उकडलेल्या शेंगांचे टोपले होते, मटकीची मिसळ होती आणि गुऱ्हाळावरचा ताजा गूळ होता. माणसाला आणखी काय पाहिजे?

पाहिजे असते. मध्यंतरापर्यंत अर्जेंटिनाचे दोन गोल झाले होते, एक मेस्सीचा आणि एक डी मारियाचा. सोपा खूश होता. उत्तरार्ध सुरू झाला आणि पोरांतला एक जण आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "वैनी, गरम गरम भजी हुतील काय?"

भजी हा पदार्थ मला आवडतो, पण सामन्याच्या रात्री तो वैरी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. भडंग दुपारी करून ठेवता येते, मिसळीचा कट तर मुरल्यावरच चांगला लागतो. भज्याचे तसे नाही. कढईतून काढल्यावर पाच मिनिटे ते कुरकुरीत, दहाव्या मिनिटाला मऊ पडलेला कांदा. म्हणजे खाणारे सोप्यात बसले की कुणीतरी एक जीव कढईपाशी उभा राहिलाच पाहिजे. आणि तो जीव कोण, हे काही कुणी विचारून ठरवत नाही.

त्या रात्री तो जीव म्हणजे घरची धाकटी सून. माहेर गडहिंग्लजकडचे. लग्नाआधी ती शाळेच्या मुलींच्या संघात गोल राखायची, हे त्या सोप्यात बसलेल्या बहुतेकांना ठाऊकसुद्धा नव्हते.

पुढे काय झाले ते ज्यांनी सामना पाहिला त्यांना आठवत असेल. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि एम्बापेने गोल केला. लगेच पुढच्या मिनिटाला त्यानेच दुसरा मारला. दोन्ही गोलांत दोन मिनिटांचेही अंतर नव्हते. सोप्यात असा ओरडा झाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. धाकटी सून झारा हातात घेऊन धावत माजघराच्या दारापर्यंत आली. तोवर दोन्ही गोल होऊन गेले होते. "कुणी मारला? दुसरा कसा गेला?" असे ती विचारत होती आणि नवरा नुसता डोक्याला हात लावून बसला होता. तो गोल परत दाखवायला लागले, तेवढ्यात आत तेल धुरायला लागल्याचा वास आला. ती तशीच मागे वळली.

वैनी, म्हणजे तिची सासू, दारापाशीच उभ्या होत्या. त्या सुनेच्या मागोमाग आत गेल्या. गॅसचे बटण बंद केल्याचा आवाज आला नाही, पण त्यांचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे ते पीठ. झाकून ठेव. समद्यांची पोटं भरल्यात. चल, तूबी बस आता."

आणि त्या सुनेला घेऊन बाहेर आल्या. मोठ्या मुलाने न सांगता सरकून जागा दिली. उरलेली अर्धी थाळी भजी फिरली, संपली. पुन्हा कुणी मागितली नाहीत.

सामना जादा वेळात गेला. मेस्सीने पुन्हा गोल केला, एम्बापेने पेनल्टीवर पुन्हा फेडला. तीन-तीन. अगदी शेवटच्या घटकेला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटाच चेंडू घेऊन गोलापुढे आला. सगळे श्वास धरून बसलेले, आणि या पोरीचा एकटीचा आवाज, "फुडं ये, फुडं ये, पडू नगंस!" अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझ पुढे आला, हात-पाय फाकवून उभा ठाकला आणि डाव्या पायाने त्याने चेंडू अडवला. मग शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले म्हणून तिने समजावून सांगितले, की गोलरक्षक जितका पुढे येईल तितकी मारणाऱ्याला गोलाची जागा कमी दिसते, आणि आधी जमिनीवर पडला की तो संपला. समोरच्याने मारेपर्यंत उभे राहायचे असते. तिच्या नवऱ्यासह सगळे तिच्याकडे बघत राहिले. पेनल्ट्यांच्या वेळी तर टीव्हीवरच्या माणसाचे कुणी ऐकतच नव्हते, सगळे तिलाच विचारत होते. अर्जेंटिना चार-दोनने जिंकली.

त्यानंतर त्या घरात एक रीत पडली आहे. पंचाची शिट्टी वाजली की कुकरची शिट्टी बंद. सामन्याचे जे काही खायचे ते आधी तयार पाहिजे, नाहीतर मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत होण्याजोगे पाहिजे. मी त्या घरी पुढेही सामने पाहिले आणि वैनींकडून सगळे नीट विचारून घेतले. ज्यांच्या घरी असा मेळा जमतो त्यांच्यासाठी लिहितो.

पंधरा माणसांच्या भडंगाला अर्धा किलो टपोरे चुरमुरे घ्यावेत. ते भडंगाचे म्हणून वेगळे मिळतात. भेळेचे बारीक घेतले तर मसाला लागताच मान टाकतात. ऊन असेल तर तासभर उन्हात ठेवावेत, पावसाळ्यात मंद आचेवर कढईत कोरडेच परतावेत. मग मोठ्या पातेल्यात वाटीभर तेल तापवून पाव किलो शेंगदाणे बारीक आचेवर तळावेत, तडतडून खमंग होईपर्यंत. लसणाचे दोन गड्डे सालासकट ठेचून त्यातच टाकावेत, हे साल सोलायचे नाही. कढीपत्ता धुतला असेल तर पुसून कोरडा करावा, नाहीतर तेल अंगावर उडते. हळद घालून पातेले खाली उतरवावे आणि मगच कांदा-लसूण मसाला घालावा. पातेले आचेवर असताना मसाला घातला की तो जळतो, भडंग काळे पडते आणि खोकला सबंध घराला लागतो. मीठ, दोन चमचे पिठीसाखर, असेल तर मेतकूट, आणि चुरमुरे घालून दोन्ही हातांनी वर-खाली करावे. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर हूं की चूं करत नाही. कच्चा कांदा मात्र ज्याने त्याने आपल्या बशीत घ्यावा, परातीत घालू नये. तेल जास्त होते असे कुणी म्हटले तर त्याला सांगावे, की विश्वचषक चार वर्षांनी येतो.

मिसळीचा हिशेब दिवसांत करावा लागतो. रविवारी रात्रीसाठी मटकी शनिवारी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची. थंडीत मोड उशिरा येतात, म्हणून गाठोडे चुलीच्या उबेला ठेवायचे. कट दुपारी करून ठेवायचा: भाजलेले सुके खोबरे, परतलेला कांदा, आले-लसूण आणि मसाला, वर तेलाचा लाल तवंग. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही पातेली, पाव आणि शेव सोप्यात नेऊन ठेवायची, आणि ज्याला पाहिजे त्याने वाढून घ्यायचे. ताट घेऊन आग्रह करत फिरणे ही आपली चांगली पद्धत आहे, पण सामना चालू असताना आग्रह करणारी आडवी येते आणि तिच्यावरच लोक ओरडतात.

आता शेंगांचे. खळ्यावरून भुईमूग पोत्यांनी बाजारात जातो आणि त्याच घरात दहा रुपयांची वेफर्सची पाकिटे येतात, हे मला बघवत नाही. आपल्या दाण्यात शेकडा पंचवीसच्या आसपास प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल असते. एक पायली शेंगा घरात ठेवल्याने कुणी कर्जात जात नाही. ओल्या शेंगा तीन-चार पाण्यांत माती जाईपर्यंत धुवाव्यात, भरपूर मीठ घालून पाऊण तास उकडाव्यात, आणि उकडल्यावर लगेच उपसू नयेत. त्याच पाण्यात तासभर राहिल्या की मीठ दाण्यापर्यंत पोचते. वाळलेल्या शेंगा असतील तर रात्रभर भिजवून मग उकडाव्यात. उन्हाळी भुईमूग काढताना वळवाने गाठले, तर उपट्या वाणांना शेतातच कोंब फुटतात आणि शेंगांना बुरशी धरते. काळ्या, कुजक्या, बुरशीच्या शेंगा निवडून फेकून द्याव्यात. त्या बुरशीचे विष उकडल्याने वा भाजल्याने जात नाही. गुरांनाही घालू नयेत.

राहिला रस्सा. मार्गशीर्ष आणि श्रावण सोडला तर कोल्हापूरकडच्या सामन्याला त्याच्यावाचून रंग नाही. पांढरा रस्सा तर मध्यंतरासाठीच जन्माला आला आहे. मटण शिजवून अळणी पाणी दुपारीच काढून ठेवायचे, तीळ-खसखस-काजूचे वाटण आणि नारळाचे दूध वेगवेगळे झाकून ठेवायचे. पहिला डाव संपला की अळणी पाणी उकळायला ठेवायचे, वाटण घालायचे, आणि शेवटी आच कमी करून दूध. दूध घातल्यावर खळखळ उकळू द्यायचे नाही, फाटते. बारा मिनिटांत वाट्या हातात येतात आणि तीन मिनिटे उरतात. हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

२०२६ च्या विश्वचषकाचे वेळापत्रक आले तेव्हा त्या घरात एक पेच निघाला. अंतिम लढत १९ जुलैची, वार रविवार, महिना आषाढ, म्हणजे रश्श्याला सगळे अनुकूल. पण ती अमेरिकेत, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबाराला. तेव्हा सोमवार लागलेला, आणि त्या घरात सोमवार पाळतात. पोरांची तोंडे उतरली. निकाल थोरल्या आजींनी दिला, जपमाळ न थांबवता. "वार सूर्य उगवल्यावर बदलतो रे. तवर रविवारच." मग लगेच कामांची वाटणी झाली. अळणी पाणी थोरल्या सुनेकडे, वाटण वैनींकडे आणि नारळ खवून दूध काढणे धाकट्या मुलाकडे. धाकटी म्हणाली, "मी फक्त चव बघणार."